साडेनऊ बोटं

उभं आयुष्य एकाच वस्तूच्या नादात घालवलं की माणसाला वाटायला लागतं, जगातल्या बाकीच्या वस्तू म्हणजे तिचेच काके-मामे, भाचे-पुतणे. खटपट्यांचं अगदी तसंच झालं होतं. खटपटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ती त्यांची सवय. पण सवय इतकी जुनी, की खरं आडनाव आता पोस्टमनलासुद्धा आठवत नव्हतं. पुढे सायकलदुरुस्तीचं दुकान, त्याला लागून घर आणि दोन्हींच्या मागे अंगण, एवढ्या पट्ट्यात त्यांनी पंचेचाळीस वर्षं काढली. पंक्चरं काढली, ब्रेक आवळले, पण खरा हात बसला तो चेनीवर. डोळे मिटून चेन चढवायचे. गप्पा मारता मारता चढवायचे. एकदा तर म्हणे भांडता भांडता चढवली आणि ज्याच्याशी भांडत होते त्याचीच चढवली.

त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं. गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तर तयार असे. कुणाला सांगत, "पंक्चर घासून घासून झिजलं." कुणाला सांगत, "शेजाऱ्याला उसनं दिलंय, परत देईल तेव्हा खरं." पण घरातली अधिकृत गोष्ट कुत्र्याची. भटक्या कुत्र्याने दुकानात शिरून बोट चावलं, संपलं.

खरं वेगळंच होतं आणि ते खटपट्यांनी पोटात ठेवलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी एका सकाळी सायकल उलटी उभी करून ते चेन बसवत होते. रस्त्यावरून कुणी तरी हाक मारली, यांनी मान वळवली, आणि तेवढ्यात चार वर्षांच्या लेकीने गंमत म्हणून पॅडल गरकन फिरवलं. तिला काय कळणार! खटपट्यांनी हात फडक्यात गुंडाळला आणि ओठ दाबून म्हणाले, "जा बाळ, आईला सांग, बाबांना कुत्रा चावला." पोर धावत गेली आणि तसंच सांगून आली. तेव्हापासून त्या बिचाऱ्या कुत्र्याच्या माथी खापर फुटलं ते फुटलंच. आठवड्याभरात दुकानाच्या भिंतीवर लाल रंगात वाकडीतिकडी अक्षरं उमटली: 'चेनीत बोट असेल तर पॅडलला हात नाही.'

लेक मोठी झाली, नर्स झाली, आणि दवाखान्यात जिथे कापलं-चिरलं-ठेचलं आणतात नेमकी तिथे कामाला लागली. सायकलवाल्याची पोर असून तिला सायकल येत नव्हती. गल्ली हसायची. खटपट्यांनी कधी आग्रह केला नाही. म्हणायचे, "नसते एकेकाला आवड."

तर ही लेक गेली दोन वर्षं एकच धोशा लावून होती. "बाबा, सत्तरी उलटली. आता पुरे. दुकान बंद करा आणि दोघं आमच्याकडे राहायला या. वरची खोली तयार आहे." खटपटे दर वेळी काही तरी कारण काढून निसटायचे. कधी गिऱ्हाइकाची सायकल अडकलेली, कधी बायकोचा गुडघा दुखतोय. बायको तिकडून ओरडायची, "माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नका!"

मग बुधवारी वारा सुटला आणि अंगणातलं वाळकं झाड आडवं झालं. पडलं तेही नेम धरून, दुकानाच्या मागच्या दाराला असं चिकटून, की दार चार बोटंसुद्धा उघडेना. लेकीचा फोन आला तेव्हा खटपटे बोलून गेले, "त्यात काय मोठं? मी कापतो. सुतारांकडे विजेवर चालणारी चेनची करवत आहे. चेन म्हटलं की आपलं घरचं काम."

मग लेक अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. रविवारी मी येते. माझ्या डोळ्यांसमोर कापा. नीट कापलंत तर दुकानाचं नाव पुन्हा काढणार नाही. पण एक ओरखडा जरी आला ना बाबा, तर दुकानाची किल्ली माझ्या हातात द्यायची."

"दिली!" खटपटे म्हणाले. फोन ठेवला आणि मग घाम फुटला. पण तोंडातून शब्द सुटला तो सुटला. खिळ्याला टांगलेल्या किल्लीकडे त्यांनी पाहिलं. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी तीच किल्ली, तेच कुलूप. वरच्या खोलीत बसून ते करणार काय होते? खिडकीतून दुसऱ्यांच्या सायकली मोजणार?

सुतार शेजारीच राहायचे. कमी बोलणारा माणूस. शनिवारी संध्याकाळी त्यांनी करवत आणून अंगणातल्या बाकावर ठेवली, चेन वेगळी, जिच्या काठावरून चेन फिरते ती लांब पट्टी वेगळी, मशीन वेगळं. "धार लावायला काढली होती," ते म्हणाले. "उद्या अकराला येतो आणि बसवून देतो. तोवर हात लावू नका."

आता हे बोलणं सुताराने दुसऱ्या कुणाला ऐकवलं असतं तर चाललं असतं. खटपट्यांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. चेन बसवायला सुतार येणार? माझ्या दारात? मग माशाने पोहायला मांजराची शिकवणी लावावी!

रविवारी सकाळी सातलाच ते बाकाशी उभे राहिले. बायको चष्मा लावून मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक घेऊन समोर बसली. ही बाई औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नसे.

"पहिलं वाक्य," बायको म्हणाली. "चेनीला, पट्टीला हात लावण्याआधी प्लग काढा."

"लावलाच कुठाय!" खटपट्यांनी प्लग उचलून दाखवला. या बाबतीत ते कडक होते. भिंतीवरची लाल अक्षरं उगाच नव्हती.

"हातमोजे घाला. दातांना धार आहे."

घातले. बाजूचं झाकण काढून पालथं ठेवलं, पट्टी बसवली, चक्रीवर चेन टाकली, पट्टीच्या खाचेतून फिरवून घेतली. दोन मिनिटांचं काम. हात कसे आपसूक चालत होते! सवयीप्रमाणे त्यांनी चेन सायकलसारखी बोटभर ढिली ठेवली, तर खालच्या बाजूने ती खाचेतून लोंबायला लागली. "अस्सं होय," ते स्वतःशीच म्हणाले. "हिला ढील चालत नाही." स्क्रू फिरवून त्यांनी ती पट्टीला टेकेपर्यंत ताणली, हाताने ओढून पाहिली. खाली ओढली की जराशी सुटायची, सोडली की टपकन जागेवर. झाकण लावून नट आवळला. खटपटे खूश. ज्याला चेन कळते त्याला सगळ्या चेनी कळतात, हे त्यांचं मत आणखी पक्कं झालं.

"पान नऊ," बायको वाचायला लागली. "चेन बसवताना दिशा..."

"चेनला कसली आलीय दिशा! चेन ती चेन. कशीही घाला, गोलच फिरते. इतकी वर्षं काय गवत उपटलं मी?"

बायकोने पुस्तक मिटलं. "वाचाल तर वाचाल, असं म्हणतात. माझं सांगून झालं." आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

बरोबर दहाला लेक आली. तिने आल्या आल्या बापाला असा पोशाख चढवला की काही विचारू नका. जाड पँट, जाड तळाचे बूट, डोळ्यांना चष्मा, कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या, गळ्यातला मफलर काढून टाकलेला, शर्टच्या बाह्यांची बटणं लावलेली.

"चंद्रावर चाललात की अंगणात?" बायकोने विचारलं.

"काय?" खटपटे म्हणाले. कानांवर वाट्या होत्या.

लेकीने एकेक गोष्ट तपासली. जोडवायर चांगली जाड आणलेली होती, कुठे सोललेली नव्हती. जमीन कोरडी होती. तिने वायर खटपट्यांच्या पाठीमागून घेतली, म्हणजे ती पुढे पट्टीच्या वाटेत यायला नको. मग ती चार पावलं, आठ पावलं, दहा पावलं मागे जाऊन उभी राहिली आणि आईलाही ओढून तिथेच उभं केलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. दिवसातून दहा रक्तबंबाळ माणसं बघणारी ही बाई, आणि बापाच्या हातातल्या मशीनकडे बघून घाबरते, याचं खटपट्यांना नवलही वाटलं आणि थोडा रागही आला. एवढा अविश्वास?

त्यांनी आधी तेलाची परीक्षा घेतली. टाकीत चेनीचं चिकट तेल भरलेलं होतंच. लॉकचं बटण दाबून, मशीन चालू करून त्यांनी पट्टीचं टोक एका पुठ्ठ्यासमोर जरा अंतरावर धरलं. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे तेल पोचतंय. त्यांनी लेकीकडे ऐटीत पाहिलं. मग पाय फाकवून उभे राहिले, दोन्ही हातांनी मुठी घट्ट धरल्या, मशीन सुरू करून पट्टी ओंडक्यावर टेकवली.

घर्रर्र! आवाज तर काय झकास आला. खटपटे वाट बघत होते भुशाची. भुसा काही येईना. पट्टी जिथल्या तिथे. लाकडावर एक काळी रेघ पडली आणि थोड्या वेळाने त्या रेघेतून धूर निघाला.

खटपट्यांनी जरा दाबलं. धूर वाढला. आणखी दाबलं. जळक्या लाकडाचा वास अंगणभर पसरला आणि ओंडका जणू म्हणत होता, 'चालू द्या तुमचं, मला काही घाई नाही.'

आता मात्र खटपट्यांच्या डोक्यात किल्ली किणकिणायला लागली. लेक मागे उभी होती. बायको बघत होती. काहीच नाही कापलं गेलं, तर लेक म्हणणार, बघा, जमत नाही आता. त्यांना वाटलं, अंगाचा सगळा भार टाकावा. नाही तर टोक खुपसून बघावं, टोकाला तरी धार असेल. त्यांनी पट्टी उचलली, टोक लाकडाकडे वळवलं, गुडघा पुढे घेतला.

आणि डाव्या हातमोज्याच्या त्या रिकाम्या टोकात, जिथे पेर नव्हतंच, तिथे ठणका लागला. अधूनमधून लागायचा तसा. नसलेलं पेर दुखतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून त्यांनी तेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते पेर जणू कान पिळून विचारत होतं, 'शहाण्या, काय बिघडलंय ते कळल्याशिवाय जोर कुठे लावतोस?'

खटपट्यांनी बोट बटणावरून काढलं. चेन पूर्ण थांबेपर्यंत थांबले. मशीन जमिनीवर ठेवलं, घराच्या पायरीपाशी गेले आणि तिथल्या पॉइंटमधून प्लग उपसून काढला. मग कानांवरच्या वाट्या उतरवून म्हणाले, "मला नाही कळत काय झालंय ते. सुतारांना बोलव."

'मला नाही कळत' हे तीन शब्द त्या माणसाच्या तोंडून बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले होते. लेकही बापाकडे बघतच राहिली. पण बोलवायला कुणाला जावं लागलं नाही, धुराच्या वासाने सुतार स्वतःच कुंपणाच्या फाटकातून आत आले. त्यांनी एकदा काळ्या रेघेकडे पाहिलं, एकदा मशीनकडे पाहिलं, आणि हा कमी बोलणारा माणूस असा हसत सुटला की त्याला ओंडक्यावर बसावं लागलं.

"अहो खटपटे! चेन उलटी घातलीत! दातांची पाठ लाकडावर घासताय. सुरीच्या पाठीने कांदा चिरल्यासारखं चाललंय!"

"उलटी?"

"ही काय सायकलची चेन आहे, कशीही घातली तरी चालायला? वरच्या काठावर दातांची धार टोकाकडे हवी. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र आहे की ढळढळीत."

चेन बसवताना झाकण पालथं ठेवलेलं होतं. खटपट्यांनी बाकाकडे पाहिलं आणि मग बायकोकडे बघायची त्यांना हिंमत होईना. गरजही नव्हती. माहितीपुस्तक उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खणखणीत वाचन सुरू झालं. "पान नऊ! चेन बसवताना दिशा तपासावी! बाण पाहावा! चेन ती चेन, हो ना? कशीही घाला, गोलच फिरते, हो ना?"

"पुरे गं," खटपटे म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पंचेचाळीस वर्षं चेनी चढवलेल्या माणसाने चेन उलटी घातली! गल्लीत कळलं तर दुकान लेकीने बंद करायला नको, गिऱ्हाइकंच हसून बंद पाडतील. त्यांनी खाली मान घालून मशीन उचललं, बाकावर ठेवलं, झाकणाचा नट सैल केला आणि चेन उतरवायला हात घातला.

"थांबा!" लेक ओरडली.

सगळे दचकले. लेक धावत पायरीपाशी गेली, तिथे पडलेला प्लग तिने उचलला आणि दोन्ही मुठींत गच्च धरून बापासमोर येऊन उभी राहिली. "हं. आता घाला हात."

"अगं, काढलेलाच आहे तो. मीच नाही का काढला?"

"असू दे. मी धरते." ती म्हणाली. "मागच्या वेळी माझ्या हातात पॅडल होतं."

सुतार ओंडक्यावरून उठले आणि उगाचच कुंपणाकडे बघायला लागले. खटपट्यांना आधी काही उमजेना, आणि उमजलं तेव्हा त्यांनी चेनीवरचा हात मागे घेतला. पस्तीस वर्षं जपलेली गोष्ट, आणि ही पोर ती अशी उघड्यावर मांडून उभी होती.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं कुणी? मी होते ना तिथे. तुम्ही म्हणालात कुत्रा चावला, म्हणून मी आईला तसं सांगितलं. पण कुत्रा नव्हताच बाबा. मी सगळीकडे शोधला होता त्याला. दुकानातल्या बाकाखालीसुद्धा बघितलं." तिला हुंदका आला. "दुकान बंद करा म्हणते, ते तुमच्या वयामुळे नाही हो. रोज माझ्यासमोर लोक फडक्यात हात गुंडाळून येतात. प्रत्येक वेळी मला तुमचा हात दिसतो."

खटपट्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने चष्मा पुसत होती. "माझ्याकडे काय बघताय? अंगणातून दुकानातलं सगळं दिसतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने कुत्रा रंगवत होतात. म्हटलं, रंगवू द्या."

खटपटे मग म्हणाले, "म्हणजे या घरात त्या कुत्र्यावर विश्वास ठेवणारा मी एकटाच होतो!"

सुतारांच्या तोंडून फसकन हसू निसटलं. मग बायको हसली. लेक रडता रडता हसली, पण प्लग काही तिने सोडला नाही. खटपट्यांनी हातमोजा काढला आणि तो अर्ध्या बोटाचा खुंट तिच्यापुढे धरला. बोलायचं ते त्यांनी बोलून टाकलं. "ऐक, वेडे. मघाशी मी टोक खुपसणार होतो. जोर लावणार होतो. यानेच थांबवलं मला. ते एक पेर गेलं ना, त्यानंतर चेनीपाशी बसताना मी एकदासुद्धा गाफील राहिलो नाही. उरलेली साडेनऊ आहेत ती त्याच्या जिवावर. तू माझं काही घालवलं नाहीस. कळलं?"

लेकीने मान हलवली. कळलं की नाही कोण जाणे, पण हलवली.

मग चेन उतरली, फिरवली आणि पुन्हा चढली. या खेपेला झाकण उताणं होतं, सगळ्यांनी मिळून चित्र पाहिलं, बायकोने पान नऊ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि खटपट्यांनी एकही शब्द मध्ये न बोलता ऐकलं. मशीन चालू करून पट्टी टेकवली मात्र, आणि काय सांगू! खरपूस पिवळ्या भुशाचा फवारा उडाला. पट्टी लाकडात अशी उतरायला लागली की दाबायची गरजच नाही, मशीनचं वजन पुरे. जळक्या रेघेच्या शेजारीच पहिला काप पडला.

काप खोल गेला की सुतार मशीन थांबवायला सांगायचे आणि त्यात लाकडी पाचर ठोकायचे. ओंडका वरून मिटला तर पट्टी आत अडकते, म्हणून. जमीन जवळ आली की तेच बजावायचे, "मातीला लावू नका, एका क्षणात धार जाते." आणि दर दोन-तीन कापांनी खटपटे थांबायचे, कारण नवी ताणलेली चेन तापली की सैल पडते हे त्यांनी आता नीट ऐकलं होतं.

"प्लग!" ते ओरडायचे.

"काढला! धरलाय!" लेक पायरीवरून ओरडायची, आणि मगच ते चेनीला हात लावायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत दोघांनाही त्याची अशी गोडी लागली, की पाचव्यांदा खटपटे गरज नसताना थांबले.

एकच्या सुमाराला ओंडक्याचे तुकडे भिंतीला रचून झाले आणि मागचं दार सताड उघडलं. खटपट्यांनी प्लग काढून चेन उतरवली, ब्रशने खाचेतला भुसा झाडला, तेलाचं भोक साफ केलं, पट्टीवर खोळ चढवली. दुसऱ्याची वस्तू घेताना होती त्याहून स्वच्छ परत करायची, ही त्यांची जुनी रीत. सुतार मशीन घेऊन निघाले. फाटकातून म्हणाले, "गल्लीत सांगणार नाही." मग जरा थांबून म्हणाले, "निदान आज तरी नाही."

"हात दाखवा," लेक म्हणाली.

खटपट्यांनी ऐटीत दोन्ही हात पुढे केले. तिने तळवे पाहिले, बोटं पाहिली, बाही वर सरकवली आणि थांबली. मनगटावर लालसर, बारीक, दीड बोट लांबीचा ओरखडा होता. फांद्या गोळा करताना एखादी काटकी लागली असणार. खटपट्यांना तो लागलेलाही कळला नव्हता.

"हा मशीनचा नव्हे," ते घाईघाईने म्हणाले. "हा काटकीचा! मशीन तर बंद होतं तेव्हा!"

"ओरखडा म्हटलं होतं मी. कशाचा ते नव्हतं म्हटलं." लेकीने हात पुढे केला. "किल्ली."

खटपट्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे थट्टा दिसेना. शब्द दिला होता. ते जड पावलांनी आत गेले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

लेक किल्ली घेऊन पुढच्या बाजूला गेली. शटरचा धडधडाट ऐकू आला. खटपट्यांना वाटलं, बंद केलं. मग लक्षात आलं, रविवार होता, शटर बंदच होतं. ते लगबगीने घरातून दुकानात शिरले. शटर वर होतं, दुपारचं ऊन थेट भिंतीवरच्या लाल अक्षरांवर पडलं होतं, किल्ली दुकानातल्या खिळ्याला टांगलेली होती, आणि लेक कोपऱ्यातली एक जुनी लेडीज सायकल ओढून तिला उलटी उभी करायची धडपड करत होती.

"हिची चेन उतरलीय," ती घामाघूम होऊन म्हणाली. "चढवून द्या. मला शिकायचीय सायकल."

"आता? चाळिशीला आलीस!"

"तुम्ही नाही का एकाहत्तराव्या वर्षी शिकलात, चेनीला दिशा असते ते?"

खटपटे खाली बसले. चेन मागच्या चक्रीवर टाकली, पुढच्या चक्रीच्या दातांवर अर्धी चढवली. उरलेली अर्धी चढायला पॅडल फिरवावं लागतं. नेहमी ते एका हाताने चेन धरून दुसऱ्या हाताने पॅडल फिरवत. आज त्यांनी दोन्ही हात काढून घेतले, वर उचलले आणि साडेनऊ बोटं पसरून लेकीला दाखवली.

"हे बघ. सगळी इथे आहेत. फिरव."

लेकीने पॅडलला हात लावला, मागे घेतला आणि पुन्हा लावला. बापाचे हात वरच होते. तिने पॅडल फिरवलं. चेन खटखट करत दातांवर चढली आणि मागचं चाक गरगर फिरायला लागलं. खटपट्यांनी हात खाली केले नाहीत, कारण ती थांबतच नव्हती.